शिट्टी कोणाच्या बाजूने?

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये नामांकित खेळाडूला नुसता स्पर्श झाला तरी फाऊल मिळतो, नवख्याला मात्र तोच धक्का निमूटपणे सोसावा लागतो. हा उघड पक्षपात नव्हे काय?

उत्तर : आपला संताप समजण्यासारखा आहे, मात्र जो खेळाडू सतत बास्केटच्या दिशेने मुसंडी मारतो, त्याला धक्केही अधिक लागतात आणि फ्री थ्रोही (फाऊलबद्दल मिळणारे विनाअडथळा फेकेही) अधिक मिळतात, हे आधी लक्षात घ्यावे. शिवाय नाव मोठे असले की शिट्टी वाजतेच असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये बोस्टन सेल्टिक्स संघाविरुद्ध बरोबरी असताना लॉस एंजेलिस लेकर्स संघाच्या लेब्रॉन जेम्स या दिग्गजाने अखेरच्या क्षणी घेतलेल्या ले-अपवर (बास्केटजवळून उडी मारून केलेल्या फेकीवर) सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, तरी फाऊल दिला गेला नाही. पुरावा म्हणून लेकर्सच्याच पॅट्रिक बेव्हर्लीने छायाचित्रकाराचा कॅमेराच पंचांसमोर धरला. पदरात पडला तो टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाचा दंड! सामना लेकर्सने जादा वेळेत गमावला.

चूक झाल्याचे पंचांनी नंतर मान्य केले, पण निकाल तसाच राहिला. अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल लीग २०१५ पासून प्रसिद्ध करते, तोही निकाल बदलत नाही. माझ्या मते चाहत्यांची खरी तक्रार इथे असायला हवी. संशयाला मात्र आधार आहे, कारण सट्टेबाजी प्रकरणात टिम डोनाघी या पंचाला २००८ मध्ये पंधरा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. तरीही एका पंचाच्या लाचखोरीवरून प्रत्येक चुकलेल्या शिट्टीमागे कट शोधणे मला पटत नाही.