गाल ओढणाऱ्या तेयझे आणि लपणारा लेक

तुम्ही लिहिलंय, इस्तंबूलला येऊन तीन महिने झाले आणि बाहेर पडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. बोटीत, दुकानात, लिफ्टमध्ये कोणीही धाकटीचा गाल ओढतं, मुका घेतं, न विचारता हातात बिस्कीट ठेवतं. पाच वर्षांचा मोठा तर अनोळखी माणूस दिसला की तुमच्या मागे लपतो.

या माणसांच्या मनात माया आहे, एवढं आधी धरून चला. कौतुक करताना ती ‘माशाल्ला’ म्हणतात, कारण नजर लागायची भीती त्यांनाही आहे. बाळाच्या कपड्यांना लावलेला निळा डोळा म्हणजे आपली तीटच. ‘पाय उघडे, थंडी वाजेल’ असं रस्त्यात कोणी बजावलं, तर तुमच्या आईने फोनवर कानटोपीची आठवण केली समजा. पिशवीत जादा मोजे ठेवलेत की वाद मिटला.

पण मुलाला नको असेल तर नकोच. माया समोरच्याची असली तरी गाल त्याचा आहे, या बाबतीत भीड धरू नका. हसून ‘उतानियोर’ म्हणा, म्हणजे ‘लाजतोय’. खाऊ थांबवायचा असेल तर ‘येमेक्तेन सोन्रा’, जेवणानंतर. एवढ्यावर बहुतेकजण मागे होतात.

मोठ्याला नाती शिकवा. तुर्कीत मावशी तेयझे, आत्या हाला, काका अम्जा, मामा दायी. आपल्यासारखीच चार वेगळी नाती, चार वेगळे शब्द! रस्त्यावरच्या अनोळखी बाईलाही मुलं तेयझे म्हणतात, हे त्याला पटकन कळेल, कारण आपल्याकडेही शेजारच्या बाई मावशीच असतात. हवा, बदाम, मैदान, साबण हे शब्दही ऐकताच ओळखेल. घरात मात्र मराठीच बोला. तुर्की तो बालवाडीतून घेऊन येईल.

दिनक्रमाचं म्हणाल तर हिवाळा कठीण आहे. 2016 पासून इथलं घड्याळ वर्षभर उन्हाळी वेळेवरच चालतं, त्यामुळे डिसेंबरअखेर इस्तंबूलला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि मुलांना अंधारात उठवावं लागतं. माझ्या घरी त्यावर एकच उपाय लागू पडला: नाश्त्याच्या वेळी आजीला व्हिडिओ कॉल. भारत अडीच तास पुढे आहे, म्हणजे इथे आठ वाजता तिकडे साडेदहा, आजी मोकळी. समोर ऑलिव्ह, चीज, काकडी, अंडं. आजी विचारते, हे काळं काय गं? मुलं सांगता सांगता खातात.

ईदेला, म्हणजे इथल्या बायरामला, मुलं मोठ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावतात. हे घरीच खेळून शिकवून ठेवा. वाकून नमस्कार करणाऱ्या मुलाला ते अवघड जात नाही, आणि समोरून खाऊ किंवा पैसे मिळतात. 23 एप्रिलला शाळेत कार्यक्रम असेल. 1920 साली त्या दिवशी अंकारात संसद भरली, म्हणून तो राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा दिवस, आणि तोच बालदिन. सुट्टी आहे म्हणून घरी बसू नका, त्याला घेऊन जाच.

लपणाऱ्या लेकासाठी मात्र एक काम रोज करा. रोज त्याच वेळी, त्याच किराणावाल्याकडून पाव आणा आणि पैसे त्याच्या हातून द्या. दुकान बदलू नका. तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसली की ती अनोळखी राहत नाहीत. ज्या दिवशी तो तुमच्या मागून पुढे येऊन त्या माणसाला ‘अम्जा’ म्हणेल, त्या दिवशी मला दोन ओळी लिहा.