ओळख नसलेल्या माणसाला पहिला मेसेज

प्रश्न : भोसरीत माझं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ. गेल्या दोन महिन्यांत दीडशे कंपन्यांना प्रोफाइलची पीडीएफ मेल केली, प्रत्येकाचं नाव घालून. उत्तरं आली तीन, तीही ‘गरज पडली तर कळवू’ अशी. कुठे चुकतंय?

उत्तर : मेलची प्रत सोबत पाठवलीत ते बरं झालं. ‘आमची कंपनी २०११ पासून दर्जेदार व तत्पर सेवा देत आहे. सेवेची एक संधी द्यावी ही विनंती.’ मी बारा वर्षं परचेसमध्ये काढली. असे मेल रोज यायचे आणि मला हवं ते त्यात नसायचं : माझ्या टेबलावरचं हे ड्रॉइंग या माणसाला जमेल का? नाव वर घातलं तरी खालचा मजकूर शेजारच्या कंपनीलाही तसाच्या तसा चालतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळतं.

दीडशे सोडा, पंधरा निवडा. एकेका कंपनीला अर्धा तास द्या. वेबसाइटवर त्यांचा माल बघा. कंपनी शेअर बाजारात असेल तर बीएसईच्या साइटवर वार्षिक अहवाल फुकट मिळतो. नवा प्लांट, नवी लाइन येणार असेल तर बहुधा त्यात लिहिलेलं असतं. भरतीच्या जाहिराती तर जरूर वाचा. एखादी कंपनी एकदम सहा व्हीएमसी ऑपरेटर शोधतेय, म्हणजे तिथे मशिनिंगचं काम तुंबलेलं असू शकतं. मग लिहा :

‘नमस्कार सर. तुमच्या पंपांची नवी रेंज वेबसाइटवर पाहिली. पंप केसिंगचं मशिनिंग आम्ही भोसरीत करतो. कास्ट आयर्न, ८०० मिमीपर्यंत, बोअर एच-सेव्हनमध्ये. प्रत्येक लॉटसोबत तपासणीचा रिपोर्ट. एखादं ड्रॉइंग पाठवलंत तर दोन दिवसांत दर आणि सॅम्पलची तारीख कळवतो. एनडीए लागत असेल तर आधी सही करून देतो.’

(एच-सेव्हन म्हणजे भोकाच्या मापाची ठरलेली अचूकता, एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार.) यात मागणं केवढंसं आहे बघा. ‘संधी द्या’ म्हटलं की पुढे काय करायचं हे ठरवायचं काम समोरच्यावर पडतं, आणि तो मेल तसाच राहतो. ड्रॉइंग मागितलं की तो मेल डिझाइनवाल्यांना फॉरवर्ड करून मोकळा होतो. पीडीएफ त्यांनी मागितल्यावर द्या. आणि ज्या तिघांनी उत्तर दिलं, त्यांना आजच विचारा : बाहेर काम द्यायची वेळ तुमच्याकडे कुठल्या पार्टला येते?

प्रश्न : मी लातूरची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिंक्डइनवर कॉलेजच्या सीनियरना ‘सर, रेफरल द्याल का?’ असं लिहिते. रिक्वेस्ट स्वीकारतात, पुढे काहीच बोलत नाहीत.

उत्तर : रेफरल म्हणजे त्यांनी आपल्या कंपनीत तुझी शिफारस करणं, तुझ्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावणं. तुला ते अजून ओळखत नाहीत, मग कसं लावतील? आधी त्यांच्या कामाबद्दल विचार. रिक्वेस्टसोबतची नोट दोन-तीनशे अक्षरांतच बसवावी लागते आणि फुकट खात्यावर अशा नोटा मोजक्याच मिळतात, तेव्हा नेमकं लिही : ‘सर, मीही आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. तुम्ही प्रॉडक्शनमधून क्वालिटीत गेलात असं प्रोफाइलवर वाचलं. सुरुवात कुठून केली तर शॉपफ्लोअर जास्त शिकायला मिळेल?’ याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, आणि आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की माणूस बोलतो. त्यांनी सांगितलेलं करून बघ आणि काय झालं ते त्यांना कळव. हे फार थोडी मुलं करतात. त्यानंतर रेफरल मागायला अजिबात संकोच करू नकोस.

प्रश्न : तासगावहून बेदाणा पुरवते. मुंबईतल्या मिठाईवाल्यांचे, बेकऱ्यांचे नंबर मिळवून व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाकते. बहुतेकांना एकच टिक दिसते.

उत्तर : ताई, ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. अनोळखी दुकानदारापर्यंत तो जातच नाही. एकेकाला वेगळा लिहा, आणि मिठाईवाला व बेकरीवाला यांना एकच मजकूर पाठवू नका. मिठाईवर बेदाणा वरून दिसतो, तिथे लांब, हिरव्या, एकसारख्या दाण्याचं बोला. बेकरीत तो पिठात जातो. तिथे देठ निघालेला आहे का आणि वर्षभर त्याच दरात मिळेल का, हे विचारतात. दोन दाण्यांचा उजेडात काढलेला एक फोटो आणि ‘पाव किलो नमुना कुरिअर करू का?’ एवढं पुरे. दिवाळीची खरेदी ठरायच्या आधी, गणपतीच्या सुमारास लिहा. ‘शेठ’ म्हणायचं की ‘सर’, हे दुकानात एक फोन केलात तर लगेच कळेल. भाषेचंही तसंच, ते हिंदीत बोलले तर मेसेज हिंदीत लिहा.

प्रश्न : उत्तर आलं नाही तर किती वेळा आठवण करावी?

उत्तर : दोनदा. पहिली आठ-दहा दिवसांनी, दुसरी महिन्याने. दोन्ही वेळा काहीतरी नवं द्या : नव्या मशीनची क्षमता, ताज्या मालाचा भाव. ‘माझा मेसेज पाहिलात का?’ यात त्यांच्यासाठी काहीच नसतं. ‘नको’ असं कळवलं तर आभार मानून तो नंबर त्याच दिवशी यादीतून काढा.