तिकीट 'भेटलं' तर बिघडलं कुठे?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "'मला तुमचा मेसेज भेटला', 'तो मला बोलला की उद्या येतो' अशी वाक्यं ऐकली की डोक्यात तिडीक जाते. ऑफिसात तेच, घरात तेच. ही मराठी चूकच आहे ना? शुद्धलेखनाचे नियम काय सांगतात?"

नियमांचं आधी सांगून टाकतो. शासनमान्य नियम १८ आहेत, त्यातले चौदा १९६२ सालचे आणि चार १९७२ साली भर पडलेले. अनुस्वार कुठे द्यायचा, ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहायचं, असे ते लिहिण्यापुरते नियम आहेत. कुठलं क्रियापद कशासाठी वापरावं, हा त्यांचा विषयच नाही. तेव्हा 'मेसेज भेटला' ही शुद्धलेखनाची चूक नव्हे.

प्रमाण मराठीत माणसं भेटतात आणि वस्तू मिळतात, हे खरं. अर्जात, बातमीत, पाठ्यपुस्तकात हा भेद पाळावा असं मलाही वाटतं. पण ज्या 'मिळणे'ची बाजू घेऊन आपण चिडतो, त्याचंच मूळ बघा. संस्कृतातला 'मिल्' हा धातू एकत्र येण्याचा, गाठ पडण्याचा. कराडला कोयना कृष्णेला मिळते, तिथे कोणाला काही लाभत नाही, दोन नद्यांची भेट होते. 'आपण मिळून करू', हातमिळवणी, मेळा, संमेलन, गणितातलं 'पाचात तीन मिळवा', सगळीकडे हाच जुना अर्थ आहे. मनमिळाऊ माणूस म्हणजे काही मिळवत सुटणारा माणूस नव्हे. पुढे जे आपल्याला येऊन मिळालं ते आपलं झालं, आणि 'मिळणे'ला लाभण्याचा अर्थ चिकटला. हिंदीतलं 'मिलना' अजून दोन्ही कामं करतं, दोस्तही 'मिलता है' आणि किताबही 'मिलती है'.

म्हणजे एके काळी 'मिळणे' ज्या वाटेनं गेलं, त्याच वाटेनं आज 'भेटणे' निघालं आहे. त्याचं नाम तर कधीच पोचलं. 'तुमची भेट झाली' यातली भेट वेगळी आणि 'लग्नात भेट दिली' यातली वेगळी, पण दोन्ही आपण रोज वापरतो आणि कुणाला खटकत नाही.

यात वाक्याचा साचाही मदत करतो. 'मला रमेश भेटला', 'मला डबा मिळाला'. दोन्हीकडे 'मला' तसाच, क्रियापद समोरच्या नामाप्रमाणे बदलणारं. एकातून दुसऱ्यात जायला एक पाऊल पुरतं. तरी गंमत अशी की 'मला डबा भेटला' म्हणणारा माणूस 'मी डब्याला भेटलो' असं कधीच म्हणणार नाही. 'मी रमेशला भेटलो' मात्र म्हणेल. सजीव-निर्जीवाचा भेद त्याच्याही डोक्यात पक्का आहे, फक्त त्याची रेघ दुसऱ्या जागी ओढलेली आहे.

हे इतकं लांबवायला कारण आहे. स्वारगेटला एसटीच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलानं खिडकीत विचारलं, "साहेब, बार्शीचं तिकीट भेटंल का?" मागून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "तिकीट भेटत नाही, मिळतं. भेटतात ती माणसं." रांगेत दोघं-तिघं हसले. मुलानं पुढचं सगळं खुणेनं केलं, एक बोट दाखवलं, पैसे सरकवले, सुट्टे न मोजता खिशात टाकले. त्याचं वाक्य खिडकीतल्या माणसाला पहिल्याच फटक्यात कळलं होतं. मी तेव्हा गप्प राहिलो, ते आजही टोचतं. एखाद्याच्या गावची, घरची बोली अशी चारचौघांत दुरुस्त करू नये.

'बोलला'चं मात्र मला वाईट वाटतं. 'म्हणाला'च्या जागी तो आला की एक बारीक छटा हरवते. 'सासू तिला बोलली' म्हणजे रागावली, लागेल असं बोलली, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. परवा भाचा घरी आला आणि म्हणाला, "सर मला बोलले." मी काळजीनं विचारलं, "का रे, काय झालं?" तर सरांनी फक्त उद्या वही आणायला सांगितली होती. 'माझी मदत कर' हेही सरळ हिंदीवरून आलेलं. आपल्याकडे 'मला मदत कर' हे उत्तम रूप असताना त्याची गरज नाही.

पण ताई, चिडायचंच असेल तर माझ्या मते खरी जागा वेगळी आहे, आणि ती त्याच 'मिळणे'शी आहे. 'पाहायला मिळणे'. महाबळेश्वरला धुकं बाजूला झालं आणि सूर्यास्त पाहायला मिळाला, यात नशिबानं लाभल्याचा आनंद आहे. तोच शब्द बातम्यांत कसा येतो? 'रस्त्यावर मोठमोठे खड्डे पाहायला मिळत आहेत.' 'पुरात घरं वाहून गेल्याचं पाहायला मिळतंय.' ज्याचं घर वाहून गेलं त्याच्यासमोर उभं राहून 'मिळतंय' म्हणवतं कसं? यात गावची बोली नाही, हातातला माईक रिकामा राहू नये म्हणून घातलेली ठिगळं आहेत. 'या ठिकाणी', 'त्या ठिकाणी' हीसुद्धा त्यातलीच.

'खड्डे आहेत.' 'घरं वाहून गेली.' एवढं म्हटलं तरी पुरतं.