मित्राला ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायच्या आहेत, कुठल्या लेखकापासून सुरुवात करायला सांगू?

छावा सिनेमा बघून मित्राला वाचायची खुमखुमी आली, पण जाड पुस्तकाचा कंटाळा आहे, तर सुरुवात कुठून करू, तुमचा आवडता लेखक कोण आणि ऑडिओबुक चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आवडता लेखक ना. सं. इनामदार. दुसऱ्या नंबरला कोणीच नाही, तिसऱ्यापासून बाकीचे सुरू होतात. कोणालाही विचारा, श्रीमान योगी, छावा, मृत्युंजय ही यादी पाठ असते, त्यात मृत्युंजय तर ऐतिहासिक पण नाही, महाभारतातल्या कर्णाची आहे, ती दर वेळी यादीत का घुसवतात देव जाणे.

इनामदारांनी माणसं कुठली निवडली ते बघा. झेपमध्ये दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, झुंजमध्ये यशवंतराव होळकर, मंत्रावेगळामध्ये दुसरा बाजीराव, शहेनशहामध्ये चक्क औरंगजेब. शाळेच्या पुस्तकात ज्यांना दीड ओळ मिळते आणि ती पण शिव्या घातल्यासारखी, असल्या माणसांच्या घरात शिरायचं आणि पाचशे पानं तिथंच बसायचं, याला छाती लागते. ज्याला सगळे आधीच हात जोडतात त्याच्यावर लिहिणं त्यामानाने सोपं. चिडा खुशाल.

आता हे इतकं जोर देऊन का सांगतोय, तर माझा एक दोस्त आहे, एसटीत कंडक्टर, गाव शिरपूर तालुक्यात थाळनेरजवळ. वाचनाचं वेड त्याला मी लावलं असं मी म्हणतो, तो म्हणतो मुक्कामी गाडीने लावलं, कारण खेड्यात रात्री गाडी उभी केल्यावर करायचं काय. पहिली रणजित देसाईंची स्वामी दिली, माधवराव पेशव्यांवरची, पटकन संपवली, शेवटी रमाबाई सती जाते तिथं रडलो म्हणाला, डेपोत सगळ्यांना सांगत सुटला. मग मी हौसेने झुंज दिली. पुस्तक परत आलं पण हा काही बोलेना. मला वाटलं वाचलीच नसेल.

थंडीत चोपड्याला आमच्या शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी टाकलेली, कळण्याच्या भाकरी घरून आलेल्या, आठ-दहा जण बसलेलो, आणि हा एकदम म्हणतो, "तुना इनामदार लबाड शे भो."

मी म्हटलं का रे बाबा. तर याने आधीच अभ्यास करून ठेवलेला. म्हणे यशवंतरावाने १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला पेशवा आणि शिंद्याच्या फौजेचा धुव्वा उडवला, बाजीराव पळाला, सगळं मान्य, मर्द माणूस. पण त्याच वर्षी त्याच्या फौजा आपल्या खान्देशात कशा फिरल्या ते कोण सांगणार? गावं लुटली, जाळली, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला, माणसं गाव सोडून गेली, पांढरीवर झाडं उगवली, हे जुन्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजांनी जिल्ह्याची माहिती छापली त्या पुस्तकात, आहे. "आमना गावले लुटी लिधं त्यास्नी, आनि तू मले त्याना मोठेपना वाचाले देस?"

मी पण काही गप्प बसणारा नाही. मी म्हटलं, त्याच्या भावाला, मल्हाररावाला, १७९७ ला पुण्यात शिंद्याच्या लोकांनी मारलं, दुसऱ्याला, विठोजीला, १८०१ ला पेशव्याने हत्तीच्या पायी दिलं, माणूस पेटणार नाही तर काय करेल. तो म्हणे पेटू दे ना, पण आमचं घर का पेटवायचं. मी म्हटलं तेव्हा सगळ्यांच्याच फौजा लुटायच्या, शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटलं तेव्हा तू काही बोलत नाही, तिथं इंग्रजांची वखार होती म्हणून का. तिथून जे पेटलं ते विचारू नका. वांग्यांकडे कोणाचं लक्षच नाही, पार कोळसा झाला, शेवटी ढाब्यावरून शेवभाजी आणून भाकरी खाल्ल्या लोकांनी आणि आम्हा दोघांना अजून शिव्या घालतात. नंतर बरेच दिवस हा माणूस त्याच्याच गाडीत मला तोंड न बघता तिकीट द्यायचा. सुटे पैसे मात्र बरोबर परत द्यायचा.

पुढे त्याच्या पुतण्याच्या लग्नाला गेलो, हळदीच्या दिवशी त्याला मांडवातून उठवला आणि बाइकवर बसवून थाळनेरच्या किल्ल्यावर नेला. किल्ला कसला, तापीच्या काठाला उरलेले बुरूज आणि मातीचा ढीग. फारुकींची राजधानी होती एके काळी, त्यांच्या कबरी आहेत गावात, बघायला कोणी जात नाही. तिथं उभा करून मी त्याला १८१८ सांगितलं. जानेवारीत मंदसौरचा तह झाला, होळकरांचा इकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला, पण थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन आला, दरवाज्यात गडबड झाली, त्यात इंग्रजांचे अधिकारी मेले, मग आतली सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. हे इतकं वाईट होतं की विलायतेत पार्लमेंटमध्ये हिस्लॉपच्या फौजेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरचं प्रकरण तिथं पण निघालं. मी म्हटलं, ज्या होळकराला तू लुटारू म्हणतो त्याच्या गादीसाठी हा माणूस तुझ्या गावाशेजारी फासावर गेला, आता बोल.

तो बराच वेळ नदीकडे बघत तंबाखू मळत राहिला आणि म्हणाला, "मरना व्हई. पन लूट ती लूट."

तरी माझं म्हणणं की त्या वादात मीच जिंकलो. कारण जन्मात जो माणूस गॅझेटियरला हात लावणार नव्हता त्याने ते शोधून वाचलं आणि ते झुंजमुळे वाचलं. श्रीमान योगी वाचून कोणी वांगी जाळली नाहीत. तो हे मान्य करत नाही, म्हणतो मी लेखक खोटा पाडायला वाचलं. अरे पण वाचलं ना!

बरं, तुमच्या मित्राचं. जाड पुस्तकाचा कंटाळा असेल तर स्वामी द्या, रणजित देसाईंची, १९६२ ची, साहित्य अकादमी मिळालेली, योगीपेक्षा खूप बारीक. ती आवडली तर लगेच झुंज किंवा झेप. झेप तर आपल्याकडच्या लोकांनी वाचलीच पाहिजे, त्रिंबकजी १८१६ ला ठाण्याच्या तुरुंगातून पळाला तो खान्देशच्या डोंगरात भिल्लांच्या आधाराने हिंडत होता, इंग्रज त्याच्या मागे नुसते धावत होते. इनामदारांचीच राऊ, पहिल्या बाजीरावावरची, पण चांगली आहे पण सिनेमामुळे लोक ती फक्त मस्तानीसाठी वाचतात. आणि हा पहिला बाजीराव वारला ते रावेरखेडी नर्मदेवर आहे, केळीच्या आपल्या रावेरला समाधी शोधायला येऊ नका, लोक खरंच विचारतात.

विश्वास पाटलांची पानिपत (१९८८) द्या, पण मित्र थोडा मुरल्यावर, त्यात माणसं इतकी आहेत की नवा वाचक दत्ताजी शिंदे पडले त्या बुराडी घाटाच्या आधीच गारद होतो. श्रीमान योगी द्यायचीच असेल तर सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्र आहे प्रस्तावना म्हणून, ते सोडून देऊ नको म्हणावं. मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात भारी भाग तोच आहे. गोनीदांच्या, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या, शिवकाळावरच्या कादंबऱ्या भाषेसाठी वाचाव्यात, झुंजार माची वगैरे.

छावा वाचू नका असं मी म्हणत नाही, १९७९ पासून लोक वाचतायत, काहीतरी असेलच. पण सिनेमा बघून वाचणाऱ्यांची मला धास्ती वाटते. २०२५ च्या मार्चमध्ये सिनेमा चालू असताना तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणत होते, मोगलांची नाणी सापडतील म्हणून. संभाजी महाराजांच्या फौजेने १६८१ ला बऱ्हाणपूर लुटलं ते पडद्यावर बघितलं आणि निघाले कुदळी घेऊन. ज्याचं शेत त्याला विचारा सिनेमा कसा होता ते.

एक सांगायचं राहिलं, कादंबरी म्हणजे इतिहास नाही, मित्राने वाचून व्हॉट्सअॅपवर कोणाशी भांडू नये. भांडायचंच असेल तर इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेले जुन्या कागदपत्रांचे खंड आहेत, पहिल्याच खंडात, १८९८ च्या, १७५० पासून पानिपतापर्यंतची पत्रं आहेत, खरी, त्या वेळच्या माणसांनी लिहिलेली. राजवाडे १९२६ ला आमच्या धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आहे. पुण्याच्या लोकांना हे सांगावं लागतं म्हणून सांगितलं.

आणि खाज्या नाईकावर कोणी जाडजूड कादंबरी लिहिली असेल तर मला कळवा. १८५७ ला सातपुड्यात इंग्रजांचा खजिना लुटणारा माणूस, १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला भिल्लांनी लढाई दिली, एवढा ऐवज पडलाय आणि लेखक लोक पुन्हा पुन्हा शनिवारवाड्यातच शिरतात. कंडक्टर म्हणतो तूच लिही, म्हणजे तुला पण लबाड म्हणता येईल.

ऑडिओबुकचं मला विचारू नका, मी ऐकत नाही, दुकानात गिऱ्हाईक युरिया मागतं आणि कानात पेशवे बोलत असतात, जमत नाही. तुमचा मित्र ड्रायव्हिंग करत असेल तर ऐकू दे बापडा.