चौदाव्या मजल्याचं नंतर बघू, आधी खालचे तीन मजले बघा

तुम्ही विचारलंय की कॅनडा कॉर्नरजवळच्या नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर फ्लॅट बघताय, सोबत सत्तरीतले आईवडील असतील, तर तिथे राहणं कसं होईल? आणि अशा टॉवरांनी नाशिकचं वाटोळं होतंय असं तुमचे काका म्हणतात, ते खरं का? मी आर्किटेक्ट आहे. कॉलेज रोड-गंगापूर रोड पट्ट्यातल्या जुन्या अपार्टमेंटच्या रिडेव्हलपमेंटची कामं करते, म्हणजे काकांच्या हिशेबाने मी आरोपींपैकीच.

माझं मत सरळ आहे. इमारत किती वर गेली यापेक्षा ती रस्त्याला कशी टेकली, यावर तिथलं राहणं ठरतं.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून राज्यासाठी एकात्मिक बांधकाम नियमावली आली आणि नाशिकमध्ये उंच इमारतींचा मार्ग मोकळा झाला. रस्ता जितका रुंद तितका टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेऊन इथे वापरायचा बांधकामाचा हक्क, जास्त. आणि पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं त्या हिशेबात, धरत नाहीत. बेसमेंट खणायला जावं तर आपल्याकडे थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो, ब्रेकर लावून बिल्डरचा खिसा रिकामा होतो. मग गाड्या वर चढतात. तळमजला आणि त्यावरचे एक-दोन मजले नुसतं पार्किंग, माणसांची घरं त्याच्या वर. रस्त्यावरून चालणाऱ्याला काय दिसतं? कंपाउंडची भिंत, सिमेंटची जाळी, जाळीआड गाड्यांचे बंपर. संध्याकाळी आठनंतर त्या भिंतीच्या कडेने बाईमाणूस एकटी चालायला बिचकते, कारण रस्त्याकडे उघडणारी एकही खिडकी नसते.

सराफ बाजाराकडच्या जुन्या वाड्यांत बघा. दोन-अडीच फुटांचा ओटा, त्यावर बसलेलं कुणीतरी, आत चौक. पावसाळ्यात भिंती गळायच्या, संडास लांब, ते काही मला परत नकोय. पण ओट्यावरच्या आजींना गल्लीत कोण आलं-गेलं ते न विचारता कळायचं. नंतरच्या तीन-चार मजली अपार्टमेंटमध्येही खाली किराणावाला आणि इस्त्रीवाला होता, वरच्या गॅलरीतून हाक मारली की ऐकू जायची. यान गेल नावाचे डॅनिश नगररचनाकार सांगतात की साधारण पाचव्या मजल्यापर्यंतच माणसाचा रस्त्याशी संबंध राहतो. त्याच्यावर गेलात की फक्त देखावा उरतो. चौदाव्यावरून पावसाळ्यात पांडवलेणीचा डोंगर सुंदर दिसेल, पण भाजीवाल्याला थांबवता येणार नाही.

म्हणून आईवडिलांना सँपल फ्लॅट दाखवू नका. संध्याकाळी सातला त्यांना घेऊन गेटपासून कोथिंबीर आणायला चालत जा. गाड्यांचा रॅम्प त्यांच्या वाटेत आडवा येतो का? फुटपाथ आहे की त्यावर ट्रान्सफॉर्मर आहे? बसायला कट्टा कुठे? हे जमलं तर वडील रोज खाली उतरतील. नाही जमलं तर महिन्याभरात टीव्हीसमोर बसतील, आणि दोष लिफ्टला जाईल.

लिफ्टचंही विचारा, अर्थात. स्ट्रेचर मावणारी एक तरी हवी आणि जनरेटर सगळ्या लिफ्ट ओढतो की एकच, हे लेखी घ्या. त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारतीतला रेफ्युज एरिया बघून या. आगीच्या वेळी थांबायची ती जागा, तिथे बहुतेकदा मोडकी कपाटं आणि सायकली रचलेल्या सापडतात. पश्चिमेला मजल्याइतकी उंच काच आणि वर छज्जा नाही, असा हॉल असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी एसीशिवाय तिथे बसवणार नाही. ब्रोशरमध्ये ते चकाचक दिसतं, बाकी काही नाही.

काकांचं निम्मं पटतं. पण टॉवर नकोत म्हटलं तर शहर मखमलाबाद-आडगावच्या मळ्यांवर पसरणार, आणि मग दूध आणायलाही गाडी काढावी लागणार. मध्यवस्तीत दाटीने राहणं मला त्यापेक्षा बरं वाटतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने हाच प्रश्न वेगळा सोडवला: बारीक टॉवर, दोन टॉवरांत साधारण २५ मीटर अंतर, आणि खालच्या मजल्यांवर थेट रस्त्यावर दार उघडणारी घरं किंवा दुकानं. गाड्या जमिनीखाली. आपल्याला पाषाणामुळे ते जसंच्या तसं परवडणार नाही, पण पार्किंगच्या पुढ्यात रस्त्याच्या बाजूने पंधरा फुटांची दुकानांची रांग ठेवायला कुणी अडवलेलं नाही. मी दोन प्लॉटवर तसा आग्रह धरला. एका ठिकाणी बिल्डरने ऐकलं, दुसरीकडे सोसायटीच नको म्हणाली, "बाहेरची माणसं येतील" म्हणून.

तेव्हा टोकन द्यायच्या आधी तळमजल्याचा आणि पार्किंगच्या मजल्यांचा मंजूर नकाशा मागा. सेल्स ऑफिसच्या भिंतीवर तो लावलेला नसतो. रस्त्याकडच्या बाजूला काय दाखवलंय तेवढंच बघा: दुकानं असतील तर पुढचं बोलणं करा, सलग भिंत असेल तर त्याच परिसरातल्या सहा-सात मजली रिडेव्हलपमेंटमध्ये तिसरा-चौथा मजला शोधा. तिथे स्विमिंग पूल मिळणार नाही, पण तुमच्या आईला तो लागणारही नाही.