ताईची अकरा वर्षांपूर्वीची सही

प्रश्न : अमळनेरला वडिलांनी बांधलेले धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे) घर आहे. वडील २०१३ मध्ये गेले, आई २०२१ मध्ये. मृत्युपत्र कोणाचेच नाही. आम्ही दोघे भाऊ, ताई सुरतला. २०१४ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आली तेव्हा तिने शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर हक्कसोड लिहून दिली. आता सौदा ठरला, इसार घेतला. तर घेणाऱ्याचा वकील ताईची सही मागतो आणि ताई हिस्सा मागते. घरपट्टीला आम्हा दोघांचीच नावे आहेत. जुना कागद कोर्टात टिकेल का?

उत्तर : दर आखाजीनंतर हाच प्रश्न येतो, गाव तेवढे बदलते. बहीण माहेरी आलेली, आमरस-पुरणपोळी झालेली, आणि भाऊ स्टॅम्पपेपर घेऊन तयार.

तुम्ही पाठवलेल्या कागदात एक वाक्य आहे : ‘आजपासून माझा हक्क सोडून देत आहे.’ सगळे त्या ‘आजपासून’वर अडले. आधी तोंडी झालेल्या वाटणीची नुसती याद म्हणून कागद केला असता, तर वाद घालायला थोडी जागा होती. पण जो कागद स्वतःच हक्क संपवतो, तो नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. त्याला मुदत सहीपासून चार महिने. उशीर झालाच तर दंड भरून आणखी चार. तुम्ही तो अकरा वर्षे कपाटात ठेवला! आता त्याची नोंदणी होणार नाही, आणि नोंदणीशिवाय त्या कागदावरून ताईचा हक्क गेला असे कलम ४९ तुम्हाला म्हणू देत नाही. नोटरीच्या शिक्क्याने फार तर सही ताईची हे ठरते.

समजा वेळेत नोंदवला असता, तरी आई तेव्हा हयात होती. वडिलांच्या मागे वारस चार, ती आणि तुम्ही तिघे; तिचा तो चौथा हिस्सा २०२१ मध्ये तुम्हा तिघांकडे आला. जे २०१४ मध्ये ताईचे नव्हतेच, ते ती सोडणार कसे? म्हणजे बाराव्या हिश्श्यापुरती तिची सही लागलीच असती. आज तर ती सरळ एक तृतीयांशाची मालक आहे. घरपट्टीचा उतारा कर वसुलीसाठी असतो, मालकी त्यावर ठरत नाही.

कोर्टाचे म्हणाल तर वाटणीचा दावा, प्राथमिक हुकूमनामा, अपील, मग कधीतरी अंतिम हुकूमनामा. धाब्याच्या घराचे तीन तुकडे नीट पडत नाहीत, तेव्हा शेवट बहुधा लिलावात. घेणारा तोवर थांबेल असे मला वाटत नाही. तो इसाराशिवाय आणखी काय मागू शकेल, हे इसारपावतीच्या अटींवर आहे, आणि नेमकी तीच तुम्ही पाठवलेली नाही.

आज ताईला फोन करा आणि सौद्याचा खरा आकडा सांगा. घेणाऱ्याकडून मुदतवाढ लेखी घ्या. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) तिघांची वारस नोंद करा. खरेदीखतात ताई तिसरी ‘लिहून देणार’ (विकणारी) असेल, तिची रक्कम घेणाऱ्याकडून थेट तिच्या खात्यात. प्राप्तिकर प्रत्येकाचा वेगळा. तो सीएला विचारा. मुखत्यारपत्राच्या भानगडीत शक्यतो पडू नका. सुरतहून भुसावळ लाइनची गाडी थेट अमळनेरला येते. ताईला तिकीट तुम्हीच काढून द्या.