कूलरचा पंप गुणगुणतो, पण पाणी चढत नाही

प्रश्न : आमचा लोखंडी बॉडीचा कूलर बराच जुना आहे. यंदा ताट्या नव्या बसवल्या, पण पंप नुसता गुणगुणतो, पाणी काही वर चढत नाही. मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणतो आणि त्याचा उद्या उजाडत नाही. दुकानदार म्हणतो, १८ वॅटचा काढा, ४० वॅटचा टाका, दणकून पाणी येईल. पंप मी स्वतः बदलू शकते का? आणखी एक. ओल्या हाताने कूलरला शिवलं की मुंग्या आल्यासारखं होतं, चप्पल घातली की होत नाही. ते पंपामुळेच असेल ना?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, आधी कूलरची पिन सॉकेटमधून काढा, मग पुढचं वाचा. बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नका. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं सापडतं, मग बटण बंद असूनही आत करंट असतोच.

मुंग्या येणं ही किरकोळ तक्रार नव्हे. कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात वाचतो आपण. चप्पल घातल्यावर करंट नाहीसा होत नाही, तुमच्यातून जमिनीत जायची त्याची वाट तेवढी अडते. तो पंपातून येतोय की पंख्याच्या मोटरमधून, हे पत्रावरून सांगता येणार नाही. पण बॉडीला अर्थिंग धड असतं तर तुमच्या हाताला तो जाणवलाच नसता. म्हणजे दोष दोन आहेत : कुठेतरी गळती आहे आणि अर्थिंगचा पत्ता नाही. दुसरं काम भिंतीतलं, ते वायरमनचंच. तो आला की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ‘एमसीबी आहे ना बाई’ असं तो म्हणेल. एमसीबी म्हणजे वायरीतून जादा करंट गेला की पडणारी कळ, आणि ती १६ अँपिअरची. माणसाचा जीव त्याच्या दीडशेव्या भागातही जातो आणि तेवढ्याने ती जागची हलत नाही.

आता पंप. हे काम तुम्ही नक्की करू शकता, आणि बहुतेक नवा आणायचीही गरज पडणार नाही. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला शिकवत होते, तेव्हा सीझनला मुलं ‘मेलेले’ पंप पोत्याने गोळा करून आणायची. त्यातले कितीतरी नुसत्या साफसफाईने उठून बसायचे. गुणगुणतोय म्हणजे कॉइल जिवंत आहे, आतलं चक्र अडकलंय.

पंप टाकीतून बाहेर काढा. पुढची जाळी आणि तिच्यामागचं झाकण नखाने किंवा बोथट सुरीने निघतं. आत छोटा प्लास्टिकचा पंखा दिसेल. तो धरून सरळ ओढा. थोडा जोर लागेल, कारण त्याच्या मागे चुंबकाची कांडी आहे आणि ती आतल्या लोखंडाला ओढून धरते. कांडीला गुंडाळलेले ताटीच्या भुशाचे धागे, केस, शेवाळ आणि पांढरा थर असं सगळं भांडार निघेल. तुमच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर थर जाडच असणार. कांडी आणि पंखा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. कांडीचं भोकही आतून पुसा. पंखा कांडीवर थोडा मोकळा फिरतो, पुढे अडतो. तो तुटलेला नाही, तशीच रचना असते. त्या ढिलाईमुळे चुंबकाला सुरुवातीचा झटका घेता येतो. मुलं हमखास ते फेविक्विकने चिकटवायची आणि पंप खरोखरच मरायचा.

मग प्लास्टिकच्या बादलीत पंप पूर्ण बुडवा, हात बाहेर काढा, कोरडे करा आणि मगच पिन लावा. धार आली तर प्रश्न मिटला. पुन्हा पाण्यात हात घालायचा तर पुन्हा पिन बाहेर. मात्र पंपाचं अंग फुगलेलं असेल, तडा गेला असेल किंवा वायर जिथे आत शिरते तिथे सोललेली असेल, तर बादलीची परीक्षाही नको. सरळ टाकून द्या. आतली कॉइल रेझिनमध्ये ओतून बंद केलेली असते, तिचं रिवाइंडिंग होत नाही.

नवा घ्यायचाच झाला तर पंपापेक्षा वायर बघा. तीन तारांचीच घ्या. हिरवी तार कूलरच्या बॉडीला, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर, स्क्रूने आवळायची. तिचा उपयोग अर्थातच भिंतीतलं अर्थिंग झाल्यावर. वायर एवढी लांब हवी की जोड टाकीत येणार नाही. पाण्याखाली टेप गुंडाळलेला जोड चालत नाही, कितीही चोपून गुंडाळा. आणि कनेक्टरकडे नेताना वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरपर्यंत पोचणार नाही. कडक झालेली नळी पंपाच्या तोंडावर बसत नसेल तर तिचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा.

४० वॅटचा सल्ला मला पटत नाही. १८ वॅटच्या पंपावर हेड साधारण १.८५ मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उंचीवर धार संपते. घरगुती कूलरची ताटी चारेक फुटांची, म्हणजे सव्वा मीटरच्या आत. पाणी आरामात चढतं. त्याहून दांडगा पंप छोट्या कूलरला लावला की पाणी ताटीतून झिरपायच्या ऐवजी आत उडतं, पंख्याच्या मोटरवर पडतं, आणि खोलीत थंड हवेबरोबर तुषार. ओली ताटी गार करते, वाहती ताटी नाही. पंप साफ करूनही एखादीच ताटी कोरडी राहिली, तर वरच्या पन्हळीची भोकं तारेने मोकळी करा. त्यात पंपाचा दोष नसतो.

नवतप्यात रात्रभर कूलर चालला की पहाटेपर्यंत टाकी तळाला जाते आणि पंप कोरडा फिरून तापतो. झोपण्याआधी टाकी भरा, आणि भरतानाही पिन बाहेरच.